जनपदकल्याणीचा शोध : लुईस यांचे 'गौरवाचा भार' आणि पालि साहित्यातील 'पिहा'

१

सृष्टीतील वस्तूंना आपापल्या समयी लाभणारे सौंदर्य आणि मानवी अंतःकरणात वसणारी अनंताची जाणीव, या दोहोंचा उल्लेख 'जुन्या करारा'तील 'उपदेशक' या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात एकाच वचनात (३.११) आला आहे. तेथे योजलेल्या 'ओलाम' या हिब्रू शब्दाच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि ख्रिस्ती चिंतनात पुढे शतकानुशतके विकसित झालेल्या एका सूत्राचे बीज या वचनात दिसते. या जगातील कोणत्याही वस्तूने न शमणारी ओढ मनुष्याला लागलेली असते आणि ती ओढच त्याच्या खऱ्या स्थानाची खूण असते, असे ते सूत्र होय. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाचा आरंभच हृदयाच्या अशा अस्वस्थतेने होतो. विसाव्या शतकात हे सूत्र सर्वसामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत ज्यांनी मांडले, त्यांत क्लाइव्ह स्टेपल्स लुईस (१८९८–१९६३) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

लुईस यांचे 'द वेट ऑफ ग्लोरी', म्हणजे 'गौरवाचा भार', हे प्रवचन ८ जून १९४१ रोजी ऑक्सफर्ड येथील सेंट मेरी द व्हर्जिन या विद्यापीठाच्या चर्चमध्ये झाले. दुसरे महायुद्ध चालू होते. लंडनवरील बाँबवर्षावाचे भीषण पर्व मे महिन्यातच ओसरले होते. त्याच वर्षी हे प्रवचन 'थिऑलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या प्रवचनाकडे आम्ही पुन्हा वळलो ते एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे. आमच्या पालि अभ्यासवर्गात अरियपरियेसनसुत्ताचे वाचन चालू असता तिने विचारले, "अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात उभी असताना मला जी हुरहूर लागली, ती तृष्णाच का?" वर्गातील बहुतेकांनी तत्काळ होकार दिला. ती विद्यार्थिनी गप्प बसली, परंतु तिचे समाधान झालेले नव्हते. आमचेही झाले नव्हते, आणि त्या वेळी त्याहून चांगले उत्तर आमच्यापाशी नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

२

प्रथम लुईस यांचे प्रतिपादन त्यांच्याच क्रमाने पाहू.

आजच्या माणसाला सर्वश्रेष्ठ सद्गुण कोणता असे विचारले तर तो 'निःस्वार्थता' असे उत्तर देईल. प्राचीन ख्रिस्ती माणसाने 'प्रेम' असे दिले असते. एका भावरूप शब्दाची जागा अभावरूप शब्दाने घेतली, हे लुईस यांचे पहिले निरीक्षण होय. स्वतःचे कल्याण इच्छिणे हेच गैर, ही समजूत ख्रिस्ती श्रद्धेतून आलेली नसून कांट व स्टोइक तत्त्वज्ञ यांच्याकडून आली, असे त्यांचे मत आहे. मनुष्याच्या इच्छा फार प्रबळ आहेत असे त्यांना वाटत नाही. उलट त्या फार दुबळ्या आहेत, असे ते म्हणतात. समुद्रकिनारी सुटी घालविणे म्हणजे काय याची कल्पनाच नसलेले मूल गलिच्छ वस्तीत चिखलाचे गोळे करीत बसावे, तसे आपण अल्पावर संतुष्ट राहतो.

यापुढे ते सौंदर्याच्या ओढीकडे येतात. पुस्तकात, संगीतात किंवा गतकाळाच्या स्मृतीत सौंदर्य आहे असे आपण मानतो. वस्तुतः ते त्यांच्यात नसते, केवळ त्यांच्यामधून येते. या वस्तूंनाच इष्ट मानले तर त्यांच्या मूर्ती होतात आणि त्या आपल्या उपासकांचे हृदय भंग करतात. मग ही ओढ कशाची? येथे लुईस भुकेचे उदाहरण घेतात. भूक लागली म्हणून भाकरी मिळेलच असे नाही; महासागरातील तराफ्यावर माणूस उपासमारीने मरूही शकतो. परंतु अन्नावर जगणाऱ्या जातीत तो जन्मला आहे आणि खाद्य वस्तू असलेल्या जगात तो राहतो, एवढे भुकेवरून निश्चित कळते. त्याचप्रमाणे स्वर्गाची ओढ लागलेल्याला स्वर्ग मिळेलच असे सिद्ध होत नसले, तरी तसे काही अस्तित्वात आहे याची ती बऱ्यापैकी खूण आहे. लुईस यांनी याला सिद्धता म्हटलेले नाही. टीकाकाराने त्यांच्या या संयमाची नोंद घेणे अगत्याचे आहे.

१९५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'सरप्राइज्ड बाय जॉय' या आत्मकथनात या विचाराचे मूळ सापडते. लुईस लहान असताना त्यांच्या थोरल्या भावाने बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात शेवाळ, डहाळ्या व फुले मांडून एक खेळण्यातील बाग केली होती. पुढे एके दिवशी फुललेल्या झुडपापाशी उभे असताना त्या बागेची आठवण अकस्मात उसळून आली आणि एक अनामिक ओढ क्षणभर त्यांना व्यापून गेली. ती कशाची हे कळण्यापूर्वीच ती ओसरली. या अनुभवाला त्यांनी 'जॉय' असे नाव दिले व तो सुखाहून भिन्न मानला. विशेष असे की, ख्रिस्ती झाल्यानंतर या अनुभवातील आपले स्वारस्य जवळजवळ संपले, अशी कबुली ते ग्रंथाच्या अखेरीस देतात. वाट चुकलेल्याला दिशादर्शक फलकाचे मोल असते. रस्ता सापडल्यावर तो दर फलकापाशी थांबत नाही.

३

पालिच्या अभ्यासकाला हे प्रवचन वाचताना 'उदाना'तील नन्दाची कथा आठवल्यावाचून राहत नाही. भगवंतांचा मावसभाऊ नन्द भिक्षू झाला, पण त्याचे मन लागेना. घरातून निघताना अर्धवट विंचरलेल्या केसांनिशी वळून पाहत, लवकर परत या असे सांगणारी शाक्यकुळातील जनपदकल्याणी त्याच्या मनातून जात नव्हती. भगवंतांनी त्याला तावतिंस देवलोकात नेऊन पाचशे अप्सरा दाखविल्या. त्यांच्यापुढे आपली प्रिया त्याला अगदी कुरूप वाटू लागली. ब्रह्मचर्य पाळल्यास या अप्सरा मिळतील, अशी हमी भगवंतांनी दिली आणि नन्द उत्साहाने साधनेस लागला. ही वार्ता पसरताच सोबतचे भिक्षू त्याला 'भाडोत्री' आणि 'विकत घेतलेला' म्हणू लागले. त्या शब्दांनी लज्जित होऊन नन्दाने एकांतात निष्ठेने साधना केली व तो अर्हत झाला. नंतर त्याने स्वतःच भगवंतांना त्या हमीतून मुक्त केले. तुझे चित्त आस्रवांतून सुटले त्याच क्षणी मी मुक्त झालो होतो, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

अश्वघोषाने याच कथेवर 'सौन्दरनन्द' हे अठरा सर्गांचे महाकाव्य रचले. त्याचे संपादन व इंग्रजी भाषांतर करणारे ई. एच. जॉन्स्टन हे १९३७ ते १९४२ या काळात ऑक्सफर्ड येथेच संस्कृतचे बोडेन प्राध्यापक होते. म्हणजे लुईस प्रवचन देत होते त्या वेळी नन्दाच्या कथेचा सर्वांत मोठा जाणकार त्याच विद्यापीठात होता. या दोन विचारांची तेथे गाठ पडल्याचे आमच्या वाचनात नाही. ती आज वाचकाने घालून द्यावयाची आहे.

लुईस यांचाही पहिला प्रश्न भाडोत्रीपणाचाच आहे. स्वर्गाच्या आशेने धर्म आचरणारा माणूस भाडोत्री नव्हे काय? ते उत्तर देतात की, फळाचा कृतीशी स्वाभाविक संबंध नसेल तरच तो भाडोत्रीपणा होय. पैशासाठी विवाह करणारा भाडोत्री ठरतो. प्रेम करणाऱ्याला विवाहाची इच्छा असेल तर तो तसा ठरत नाही, कारण विवाह ही प्रेमाचीच परिपूर्ती आहे. शाळेत ग्रीक व्याकरण घोकणाऱ्या मुलाला पुढे काव्याचा आनंद मिळतो. तो आनंद त्याच्या श्रमाला बाहेरून चिकटविलेला नसतो.

इथवर दोन्ही परंपरा बरोबर चालतात. भगवंतांनीही नन्दाच्या ओढीचा धिक्कार केला नाही. त्यांनी तिला अधिक मोठा विषय दाखविला आणि तिच्याच बळावर त्याला मार्गाला लावले. माणसाची इच्छा उन्नत होऊ शकते, हे लुईस यांचे म्हणणे या कथेने पुष्टच होते. परंतु पुढे वाटा फुटतात. लुईस यांच्या ग्रीक शिकणाऱ्या मुलाला अखेर काव्य मिळते. नन्दाला अप्सरा मिळत नाहीत आणि त्या मिळाल्या नाहीत याचे त्याला दुःखही होत नाही. ज्या फळासाठी साधना आरंभली, त्या फळाची गरजच साधनेने नाहीशी केली.

लुईस यांचा अभावरूप शब्दांवरील आक्षेपही येथेच पाहून घेऊ. अलोभ, अदोस, अमोह हे शब्द रूपाने नकारार्थी आहेत. परंतु अभिधम्मात 'अदोस' या पदाने मेत्तेचेच ग्रहण होते. नकारार्थी प्रत्यय पाहून आशयही रिकामा आहे असे मानणे, ही पाश्चात्त्य वाचकांची जुनी चूक होय. आमच्यातील काही जणही ती करतात, हे अधिक खेदाचे आहे.

४

आता मुख्य अनुमानाकडे वळू. दीघनिकायातील तेविज्जसुत्तात व पोट्ठपादसुत्तात एक दृष्टान्त आला आहे, आणि योगायोग असा की त्यातही 'जनपदकल्याणी' हाच शब्द आहे. एक पुरुष सांगतो, या देशातील सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे. लोक विचारतात, ती कोणत्या वर्णाची? तिचे नाव काय? ती उंच की ठेंगणी, काळी की गोरी? राहते कोठे? त्याला काहीच ठाऊक नसते. जिला कधी पाहिले नाही तिच्यावर तुझे प्रेम आहे काय, असे विचारता तो 'होय' म्हणतो. तेविज्जसुत्तात हा दृष्टान्त ब्रह्मसायुज्याचा मार्ग सांगणाऱ्यांना उद्देशून आहे. बाबासाहेब डॉ. आंबेडकरांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ब्रह्मसायुज्यावर आधारलेला धर्म नाकारताना वासेट्ठ व भारद्वाज यांच्याशी झालेल्या याच संवादाचा आधार घेतला आहे.

लुईस यावर कदाचित म्हणाले असते : 'मी तिला पाहिले नाही हे मान्य, पण प्रेम नावाची गोष्ट स्त्रियाच नसलेल्या जगात उत्पन्न झाली असती काय?' प्रवचनात त्यांनी या धर्तीचा युक्तिवाद केला आहे. तो चतुर आहे, तथापि त्यात एक उणीव आहे. भूक अन्नाने शमते; म्हणून भूक व अन्न यांचा संबंध आपण प्रत्यक्ष जाणतो. लुईस यांच्याच साक्षीनुसार ही ओढ मात्र मिळालेल्या कोणत्याही वस्तूने शमत नाही. म्हणजे भुकेशी तिचे जे साम्य सिद्ध करावयाचे आहे, नेमके तेच येथे आढळत नाही. यावरून लुईस निष्कर्ष काढतात की, तिचा विषय या जगापलीकडे असला पाहिजे. बुद्धवचन दुसरा प्रश्न विचारावयास शिकविते : ही ओढ कशी उत्पन्न होते, कशावर टिकते आणि कशाने निरुद्ध होते? ओढीवरून ओढ लागलेल्या मनाची घडण कळते. तिच्या अदृष्ट विषयाचे अस्तित्व त्यावरून कळत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. 'उदाना'तच अजात, असंखत असे काही नसते तर जात, संखत यांतून निस्सरण झाले नसते, असे प्रतिपादन आहे. ते लुईस यांच्या युक्तिवादाहून वेगळे कसे? भेद असा की, तेथे अनुमानाचा आधार ओढ हा नाही. प्रत्यक्ष निस्सरण जाणलेल्याने मार्गावरील भिक्षूंना उद्देशून केलेले ते विधान आहे आणि त्याची कसोटी मार्गावर चालण्यात आहे. अर्थात ज्याने तो मार्ग अंतापर्यंत चालून पाहिला नाही, त्याच्यापुरते हे विधानही श्रद्धेचाच विषय राहते. ही गोष्ट आम्ही लपवू इच्छित नाही. लुईस यांना जो प्रश्न आपण विचारतो, तो स्वतःला विचारण्याचे टाळणे सचोटीचे होणार नाही.

५

मग त्या विद्यार्थिनीच्या हुरहुरीला काय म्हणावे? वर्गाने दिलेले उत्तर सोपे होते, परंतु पालि साहित्य इतके सोपे उत्तर देत नाही. मज्झिमनिकायातील सळायतनविभङ्गसुत्तात (१३७) दौर्मनस्याचे दोन वर्ग केले आहेत. हवी ती रूपे, शब्द, रस मिळाले नाहीत किंवा मिळालेले गेले, म्हणून होणारे दुःख 'गेहसित', म्हणजे घराला चिकटलेले. दुसरे 'नेक्खम्मसित', म्हणजे नैष्क्रम्यावर आधारलेले. रूपांची अनित्यता पाहून एखाद्याच्या मनात अनुत्तर विमोक्षाविषयी स्पृहा जागी होते. आर्य ज्या अवस्थेत विहरतात तेथे मी केव्हा पोहोचेन, असे त्याला वाटू लागते आणि त्या स्पृहेमुळेच त्याला दुःख होते. या स्पृहेला सुत्तात 'पिहा' असा शब्द आहे. येथे तिच्यावर तण्हेचा शिक्का मारलेला नाही. उलट या दुःखाच्या आधाराने गेहसित दुःखाचा त्याग करावा, असा उपदेश आहे.

हा शब्द आमच्या वर्गांत फारसा उच्चारला जात नाही. प्रत्येक ओढीला 'तण्हा' म्हणून निकालात काढण्याची सवय आपल्याला लागली आहे. परंतु स्वतः जराधर्मी असून अजराचा, मरणधर्मी असून अमृताचा शोध घेणे, याला अरियपरियेसनसुत्ताने 'आर्य शोध' म्हटले आहे. वैशालीची रमणीयता बोलून दाखविणारे भगवंत आणि पर्वतांच्या दर्शनाने आनंदणारे महाकस्सप थेर सौंदर्याकडे पाठ फिरवून बसले नव्हते. सुंदर वस्तूपुढे लागलेली हुरहूर ती वस्तू ताब्यात घेऊ पाहत असेल तर ती गेहसित होय. त्या वस्तूची नश्वरता उमगून मन अधिक खोल मुक्तीकडे वळत असेल, तर तीच पिहा होय. भेद हुरहुरीच्या तीव्रतेत नाही, दिशेत आहे.

लुईस यांचा 'जॉय' या पिहेच्या अगदी निकट येतो. दोहोंत सुखाहून वेगळी अशी एक गोड वेदना आहे, आणि दोहोंत ती अंतिम मानलेली नाही. लुईस यांचा फलक आणि सुत्तातील सोपान यांचे कार्य इथवर सारखेच आहे. परंतु शेवटच्या पायरीवर फरक पडतो, आणि आमच्या मते या दोन विचारांतील खरा भेद तो हाच. आपल्याला सौंदर्य केवळ पाहावयाचे नसते, त्याच्याशी एकरूप व्हावयाचे असते, त्याच्या आत जावयाचे असते, असे लुईस म्हणतात. आज आपण दाराबाहेर उभे आहोत. गौरव म्हणजे ईश्वराने आपल्याला ओळखावे, पसंत करावे आणि ते दार उघडावे. सुत्तातील क्रम निराळा आहे. नैष्क्रम्यातील दुःख नैष्क्रम्यातील सौमनस्याने सोडावयाचे, सौमनस्य उपेक्षेने सोडावयाचे, आणि अखेर 'अतम्मयता', म्हणजे कशाशीही तन्मय न होणे, हिच्या आधाराने ती एकाग्र उपेक्षाही सोडावयाची. आमच्या मराठी मनाला 'तन्मय' हा शब्द फार प्रिय आहे. म्हणूनच हा भेद आपण विशेष काळजीने समजून घेतला पाहिजे. लुईस यांची ओढ दार उघडल्याने पूर्ण होते. धम्माच्या दृष्टीने, दाराबाहेर ताटकळत उभा असलेला 'मी' हाच तपासण्याचा विषय आहे.

६

प्रवचनाचा शेवट आम्हाला त्याच्या युक्तिवादाहून मोलाचा वाटतो. 'गौरव' हा शब्द 'गुरु', म्हणजे जड, यापासून झाला आहे. हिब्रू 'काबोद' या शब्दाच्या मुळाशीही जडपणाचाच अर्थ आहे. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातून घेतलेला हा भार लुईस अखेर भलत्याच ठिकाणी ठेवतात. स्वतःच्या गौरवाचा विचार माणसाच्या हातून जास्तही होईल, पण शेजाऱ्याच्या गौरवाचा भार रोज पाठीवर वाहावा, असे ते सांगतात. कोणीही माणूस सामान्य नाही. ज्यांच्याशी आपण थट्टा करतो, काम करतो, ज्यांना झिडकारतो, ते सारे अमर आहेत.

ज्या समाजातील असंख्य माणसांना पिढ्यान्पिढ्या शेजारी म्हणून ओळखच नाकारली गेली, त्या समाजातील आम्हाला हे वाक्य सहज ओलांडून जाता येत नाही. फक्त त्याच्या आधाराविषयी आमचा मतभेद आहे. शेजारी अमर आहे म्हणून आदरणीय, असे लुईस म्हणतात. तो आपल्यासारखाच जराधर्मी, मरणधर्मी, दुःखधर्मी आहे, एवढे मेत्तेला पुरते. चिरंतन असल्यावाचून माणसाला मोल नाही, असे ठरविले तर मोल सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा त्याच्याच डोक्यावर येते.

आता पुन्हा सोळाव्या लेण्याकडे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात कोरविलेल्या या विहाराच्या भिंतीवर नन्दाची कथा रंगविली आहे. एकोणिसाव्या शतकापासून 'मरणासन्न राजकन्या' या नावाने विख्यात झालेली तेथील स्त्री म्हणजे नन्दाची पत्नी होय, असे आता सामान्यतः मानले जाते. पतीचा मुकुट परत आलेला पाहून ती कोसळत आहे आणि दासी तिला सावरीत आहेत. अर्हत होणाऱ्या नन्दाची कथा सांगताना चित्रकाराने मागे राहिलेल्या स्त्रीचा शोक गाळला नाही, किंवा तो घाईने उरकलाही नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता असे सांगू : तुमच्या हुरहुरीवरून कोणत्याही अदृष्ट लोकाचे अस्तित्व सिद्ध होत नाही, पण त्यामुळे ती तुच्छही ठरत नाही. त्या भिंतीपुढे तुम्हाला ते चित्र हवेसे वाटले, की त्या स्त्रीचे दुःख आपले वाटले, हे तपासून पाहा. दुसरे असेल, तर तुमची वाट सुरू झाली आहे.